बांधावरच्या आंब्याचं नाव

ता. ५ मे १९३१, मंगळवार

आज बाजारात एका झाडाचं नाव ऐकलं आणि तेव्हापासून हातपाय गार आहेत.

आंब्याची पाटी घेऊन एक बाई बसली होती. "ह्यो गोटी. ह्यो केळ्या. आन् ह्यो खुनाच्या आंब्याचा — लई ग्वाड हाय, चाखून तर बगा की!" माझी लेक दगडी हट्टाला पेटली म्हणून त्यातलेच सहा घेतले. मग सहज विचारलं, कुठले गं हे?

"केम ठेसनाच्या म्होरं, हिंदुरावाची वस्ती हाय न्हवं का, तितलं. म्या बजाबाई. त्येंच्याच रानात कामाला असती."

हिंदुराव म्हणजे माझे धाकटे दीर!

"खुनाचा आंबा कुठला?" मी विचारलं.

"त्यो बांधावरचा. त्येंचा थोरला भाऊ पडला न्हाय का ज्याच्यावरनं —" बोलता बोलता तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं. मग दगडीच्या तोंडाकडं. दगडी बापाच्या वळणावर गेली आहे. "तुमी कोन म्हनायच्या?"

"त्याच थोरल्या भावाची बायको."

ती उठली. पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. बाजार अजून भरत होता!

घरी येईपर्यंत दगडीनं दोन आंबे चोखून संपवले होते. बाठा पांढरा होईपर्यंत.

६ मे

उरलेले चार आंबे कुणाला दिले नाहीत, टाकलेही नाहीत. फडताळात आहेत. खोलीभर वास.

७ मे, गुरुवार

जे ठाऊक आहे तेवढंच लिहिते. बाकीचं मनात येतं ते लिहायला भीती वाटते.

तीन वर्षं झाली. वैशाखच होता. गिरणीतून आठ दिवसांची रजा काढून हे वस्तीवर आंबे उतरवायला गेले होते. दरसाल जात. पाचव्या दिवशी तार आली. झाडावरून पडले, निघा. दगडी नऊ वर्षांची होती. तिला घेऊन आगगाडीनं केमला उतरले. हिंदुराव भावजी बैलगाडी घेऊन स्टेशनावर उभे. म्हणाले, "वैनी, ऊन लई व्हतं. ठिवता आलं न्हाय." मला राखच दिसली. तोंड दिसलं नाही.

कुठून पडले, एवढं एकच विचारलं. "आंब्यावरनं." तिथं आठ झाडं आहेत. कोणतं, ते मी विचारलं नाही. हे लहानपणापासून झाडावर वाढलेले. पण फांदी कुणालाही दगा देते, असं धरून चालले. तीन वर्षं चालले.

त्याआधी दोन वर्षं भावाभावांत वाटणी झाली होती. "हिंदू अजून माझ्याशी धड बोलत नाही," असं हे जेवताना एकदा म्हणाले होते. एकदाच. आणि दहाव्याला सगळ्यांत मोठ्यानं रडले ते भावजीच.

झाडांची नावं यांनी मला कधी सांगितली नाहीत. एक पाटी आणत, चुलीपाशी ठेवत आणि म्हणत, "आपला आंबा." मला तेवढं पुरे होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं की! आता कुणाला विचारू?

सगळा घोर एवढ्याचा आहे — हे नाव यांच्या आधीचं, की यांच्यामुळं पडलेलं?

९ मे, शनिवार

भावजी आले! नाव मनात असताना माणूस दारात. माझ्या हातातून उलथणं पडलं.

पोतंभर जोंधळे आणले, दगडीला परकराचं कापड आणलं. ओट्यावर बसून मोठ्यानं बोलत होते, सगळ्या चाळीला ऐकू जावं असं.

"काय वैनी, हाताचा तवा झाला की तुमच्या! गिरनीवाल्यांच्या भाकरी थापायच्या तरी किती?"

थापायला गिरणीवाले उरलेतच कुठं? पाच जेवणारे होते. मागल्या वर्षी मार्शल लॉ झाला तसे एकेक गावाकडे गेले ते गेलेच. आता एक उरला आहे, तोही या महिन्यात जातो म्हणतो. खोलीवाल्याला त्याच्या भाच्यासाठी खोली हवी आहे. हे सगळं भावजींना ठाऊक होतं. कुणी सांगितलं कोण जाणे.

म्हणाले, खोली सोडा. दगडीला घेऊन वस्तीवर राहायला या. दोघांचं रान एक करू, मधला बांध मोडून टाकू. तलाठ्यापुढं एक अंगठा लागेल. "आन् त्यो वाटनीचा कागद आना संगं. दादाच्या ट्रंकंत आसंल बगा. पोरीचं लगीन बी म्याच करतो की, परकी हाय व्हय?"

मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या.

"थोडं कशाला, लई घ्या. म्या काय वाघ हाय व्हय?" हसले. दगडीही हसली.

मला लिहितावाचता येतं हे त्यांना माहीत नाही. पुड्यांचे कागद हे घरी आणत, मी चूल फुंकता फुंकता त्यावर अक्षरं लावली, पुढं पुस्तकं वाचू लागले. सासरी कधी बोलले नाही. आज भावजींनी अंगठा म्हटलं, मी मान हलवली.

१० मे

जाणार नाही.

११ मे

न जाऊन करणार काय? दगडीला खायला काय घालू? एका माणसाच्या भाकरीवर दोन माणसं जगत नाहीत. आणि एका शब्दासाठी पोरीचं घर घालवायचं? जो माणूस पोत्यानं जोंधळे आणतो, त्याच्यावर असा संशय घेणारी मी कोण?

पण घेते आहे.

१२ मे, मंगळवार

बजाबाई आज दुसऱ्या टोकाला बसली होती, मला चुकवून. शोधून काढली. दगडी बरोबर होती.

"बजाबाई, त्या झाडाचं नाव पुन्हा एकदा सांगा."

"कोन्त्या झाडाचं? म्या कवा नाव घेतलं?"

"गेल्या मंगळवारी. खुनाचा —"

"ओ बाई!" तिनं इकडं तिकडं पाहिलं. "आंबा हाय, ग्वाड हाय, खायाचा आन् गप बसायचं. झाडाच्या नावाशी काय करायचं हाय तुमाला?"

मी खरं ते सांगितलं. तिथं राहायला बोलावलं आहे, म्हणून विचारते.

तिनं दगडीकडं पाहिलं. मग म्हणाली, "पोरीला घिऊन?"

"हो."

तिनं पाटीतले दोन मोठे आंबे काढून दगडीच्या ओच्यात टाकले. "ह्ये केळ्याचं हायती. खा, माजे बाय." तिच्या गालावरून हात फिरवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. मी उभीच राहिले. पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

पोरीच्या गालावरून असा हात कधी फिरवतात? सासरी धाडताना. नाहीतर बाप मेल्यावर.

१४ मे, गुरुवार

शेजारच्या हुसेनबीला सांगितलं. सगळं नाही — फक्त नाव. तिचा नवरा इसूफ टांगा चालवतो, ती दिवसभर दारात बसून रिळं भरते. एवढी हसली की रीळ घरंगळलं.

"अक्का, खून बोले तो रगत! आमच्यात रगतालाच खून म्हनत्यात. गर लाल असंल त्याचा, म्हून पडलं नाव. तू बी काय, मानसाला न्हाय भ्यालीस आन् आंब्याला भितीस!"

केवढं सोपं! धावत येऊन फडताळ उघडलं. चारांतले तीन सडले होते. चौथा कापला.

पिवळा. आत बाठ्यापर्यंत पिवळा. लाल धागासुद्धा नाही.

१६ मे, शनिवार

देवा, किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं!

गल्लीच्या टोकाला विरुपाक्ष मास्तर राहतात. पेन्शनीत निघालेले. घरी कानडी बोलतात, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. मला पुस्तकं वाचायला तेच देतात. आज त्यांची अक्कलकोटला जायची घाई, पुतणीचं लग्न. तरी मराठीचा मोठा कोश काढून ओट्यावर ठेवला. म्हणाले, "पाहा निवांत, दगडाबाईच्या आई. मी धोतरं भरतो तोवर."

खून — पुल्लिंगी. मूळ फारशी शब्द. रक्त. मनुष्यवध. हुसेनबीचं खरं होतं आणि माझंही.

पान मिटणार, तर जवळच दुसरा शब्द. खूण — स्त्रीलिंगी. चिन्ह, ओळख पटण्याची निशाणी.

मी तिथंच बसले! अहो, आमच्या बाजूला कुणाच्या तोंडात ण आहे? पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी, कोण म्हणजे कोन. मग खूण म्हणजे काय होणार? खूनच की! आणि झाड आहे कुठं? बांधावर! दोन भावांच्या रानांची खूण. खुणेचा आंबा!

मास्तरांना सांगितलं तर पिशवी खाली ठेवून हसले. "तुमच्याकडच्या त्या ण नं माझी तीस वर्षं खाल्ली. पोरं लिहायची, पाहुण्यांना आमच्या घराची खून दाखवली."

मीही हसले. तीन वर्षांत असं हसले नव्हते. घरी येऊन यांचा गिरणीचा डबा घासला. रोज घासते, आज राखेनं चकचकीत केला.

१७ मे

हसण्याच्या भरात एक राहिलं.

खूण असेल तर आमच्याकडं म्हणतील "खुनंचा". खून असेल तर "खुनाचा". ण बोलत नाहीत हे खरं, पण पुढचा कानामात्रा तर बोलतात! बजाबाई काय म्हणाली? मी पहिल्या दिवशी इथं "खुनाच्या" लिहिलं आहे. पण बाजारात किती गलका होता. आणि मी ऐकलं तेच लिहिलं, की भ्याले ते लिहिलं?

दगडीला म्हणायला लावलं, भरभर म्हण. "खुनंचा आंबा, खुनाचा आंबा, खुनंचा आंबा." भरभर म्हटलं की फरक कळत नाही. तिला खेळ वाटला, घरभर म्हणत सुटली. थांब म्हटलं तरी थांबेना. तिच्या पाठीत धपाटा घातला. आजवर हात लावला नव्हता.

माझी पहिली दोन्ही पोरं गेली, म्हणून हिचं नाव दगडी ठेवलं. दगडाला कोण नेतो, म्हणून. भीतीपोटीच माणूस नाव ठेवतं, हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. त्या झाडाला ज्यानं नाव ठेवलं, तो कशाला भ्याला होता?

१८ मे

शेवटचा जेवणारा आज गेला. डबा परत दिला, पाया पडला.

२१ मे, गुरुवार

भावजी आले. मी ठरवलंच होतं, आज विचारायचं. पदर सावरला, पाण्याचा तांब्या दिला, आणि ते पाणी पीत असताना विचारलं. तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती म्हणून हाताकडं बघत होते.

"भावजी, बांधावरच्या आंब्याला काय म्हणतात?"

तांब्या तोंडापाशी थांबला. "का? कुनी काय सांगितलं?"

"बाजारात कुणीतरी नाव घेत होतं."

"कोन? काय नाव घेत व्हतं?"

बजाबाईचं नाव मी सांगितलं नाही. म्हटलं, "खुणेचा आंबा. बांधाची खूण, म्हणून खुणेचा. असंच ना?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हसून मांडीवर थाप मारली. "व्हय व्हय! खुनंचाच की! बांधाची खून, म्हून खुनंचा. आवं, आज्याच्या वक्तापासनं त्येच नाव हाय त्याचं!"

आज्याच्या वक्तापासून! म्हणजे यांच्या जन्माच्याही आधीपासून. मला बाकी काही ऐकू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं नवऱ्याच्या आठवणीनं आलं. म्हणाले, "रडू नगा वैनी. दादाचं घर हाय त्ये तुमचं."

मी येते म्हटलं. रविवार, ३१ तारीख ठरली. ते स्वतः न्यायला येणार.

२२ मे

दोन आठवड्यांनी भाकरीला चव लागली.

२४ मे, रविवार

बांधाबांध. काय ते सामान — एक वळकटी, दोन ट्रंका, चार भांडी, पाटावरवंटा. पाटावरवंटा हुसेनबीला दिला. ती म्हणते, "जातीस तर जा, पन मन खट्टू झालं की परत यायचं. इसूफला सांगते, टांगा घिऊन केमपर्यंत यील!" केमला टांग्यानं! दगडी पोट धरून हसली.

यांच्या ट्रंकेच्या तळाशी वाटणीचा कागद सापडला. कापडात गुंडाळून ठेवलेला. मला बाळबोध वाचता येते, हा मोडीत आहे. सगळी अक्षरं एकमेकांचे हात धरून पळतात. साल तेवढं लागलं, १९२६. खाली यांची सही — ती ओळखली, किती वेळ बघत बसले — आणि शेजारी भावजींचा अंगठा.

हा कागद द्यायचा आहे. देण्याआधी त्यात काय आहे ते एकदा कानांवर घालून घ्यावं. यांनी सही केली ते निदान कळावं. मास्तर शनिवारी परत येतात.

२८ मे, गुरुवार

एक गोष्ट त्या दिवशी लिहिली नव्हती. लिहायचं टाळलं.

मी "खुणेचा" म्हटलं तेव्हा भावजी लगेच हसले नाहीत. आधी त्यांचे ओठ हलले. आवाज न करता त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. आपल्या ओळखीचं नाव माणूस असं म्हणून पाहतो का?

अर्थ त्यांनी मला सांगितला नाही. मीच त्यांना सांगितला. त्यांनी फक्त व्हय म्हटलं.

पुरे. सामान बांधून झालं आहे. खोलीची किल्ली द्यायची आहे.

३१ मे, रविवार

मास्तर काल आले. आज सकाळी कागद नेला. त्यांनी बोट ठेवून वाचला. रानांची हद्द म्हणून बांधाच्या दोन्ही टोकांना दगड पुरले आहेत. बांधावरचा आंबा थोरल्या भावाचा. त्याचं नाव लिहिलं आहे — साखऱ्या.

पुन्हा वाचायला लावलं. साखऱ्या. खाली भावजींचाच अंगठा. पाच वर्षांपूर्वी ते झाड साखऱ्या होतं आणि कशाचीही खूण नव्हतं. कागद मास्तरांच्या कपाटात ठेवून आले.

दाराशी इसूफचा टांगा उभा. वळकटी चढवलेली. भावजी पुढं बसून पान खात होते. "वैनी, आटपा की, गाडी चुकंल!"

दगडीचा हात धरून मी पायरीवरच थांबले. विचारलं, "भावजी, औंदा साखऱ्याला आंबा किती लागला?"

पान चघळायचं थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हाताकडं — कागद नव्हता. कोण साखऱ्या, असंही म्हणाले नाहीत. खाली उतरले. आमची वळकटी स्वतः काढून ओट्यावर ठेवली आणि टांगा तसाच सोडून स्टेशनाकडं पायी चालू लागले.